पंधरा म्हाताऱ्यांचं फाटक

बागेचं फाटक अरुंद असावं, ही सूचना माझीच. आमच्या वार्डाच्या सल्लागार समितीत आम्ही सात जण. काम नावाप्रमाणे सल्ला देण्याचं, ऐकायचं की नाही ते महापालिका ठरवणार. राजवाड्यामागच्या रिकाम्या जागेत बाग होणार म्हटल्यावर मी पहिल्याच बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं, की फाटकात लोखंडी खांबांचं वाकडं वळण घाला. माणूस अंग चोरून आत जाईल, दुचाकी जाणार नाही. आमच्या गावात दुचाकीवाल्यांना मोकळी जागा दिसली की तिची वाट झालीच. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मी फुशारलो.

पुढच्याच महिन्यात अक्का न्हाणीघरात पडली. अक्का माझी थोरली बहीण, आमच्याकडेच असते. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टर म्हणाले, रोज सपाट जागी चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. सपाट जागा आणायची कुठून? गल्लीत गटारावरच्या फरश्या हलतात आणि ऑटो अंगावर येतात. अक्का दिवसभर खिडकीशी बसून राहू लागली. "पार्क केव्हा उघडणार रे?" एवढंच विचारायची. मी गुपचूप दोरीने वॉकरची रुंदी मोजली, नकाशातल्या फाटकाशी ताडून पाहिली. वॉकर त्या वळणातून जाणार नव्हता.

आपली सूचना आपल्याच तोंडाने मागे कशी घ्यायची? घरच्या माणसासाठी मागतोय म्हणतील. शेवटची बैठक लोकांसाठी खुली होती. अक्काला ऑटोत घालून घेऊन गेलो आणि उठून तमिळमध्ये ठोकून दिलं, की आमच्या गल्ल्यांतल्या पंधरा म्हाताऱ्या माणसांनी माझ्याकडे गाऱ्हाणं केलंय, फाटक रुंद करा.

अक्काने मान वळवली. "पंधरा कोण रे? कोठें आहेत?"

"उगी राहा," मी मराठीत म्हटलं. "तू एकटीच आहेस. यांना काय कळतंय?"

ही आमची, या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरांची, पिढीजात खोड. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि चारचौघांत काही लपवायचं असलं की पुन्हा मराठी. साडीचा भाव पाडायचा बेत आम्ही दुकानदाराच्या तोंडावर करतो. समोर नकाशा घेऊन बसलेली तरुण इंजिनियर बाई नुकतीच बदलून आली होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. बैठक संपल्यावर मात्र नकाशा गुंडाळता गुंडाळता ती हळूच मराठीत म्हणाली, "मामा, सोमवारी त्या अस्क्यांच्या, पंधराही जणांच्या, सह्या घेऊन या. वय, पत्ता लिहून. आम्ही ओरत्तनाडूचे, आमच्या घरींही मराठीच."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. समितीतून हाकललं तरी चालेल, पण खोटं बोललो म्हणून फाटक तसंच ठेवलं तर? मग अक्काचा जन्म खिडकीशीच जायचा. हातात चार दिवस होते.

भिडेखातर कोणी ना कोणी सही देईल, अशा हिशेबाने मी दारं ठोठावत निघालो. पहिल्याच घरी निवृत्त पोस्टमास्तर आतल्या खोलीत चाकाच्या खुर्चीत बसलेले. ते मुलाकडे चेन्नईला गेले असं मी वर्षभर धरून चाललो होतो. त्यांनी फिल्टरची कापी पाजली आणि सही करताना विचारलं, "आजवर कुणी विचारलं का नाही?" पुढच्या घरी वॉकर, त्याच्या पुढच्या घरी दोन काठ्या. जन्म या गल्ल्यांत गेला आणि घरांच्या मागच्या खोल्या मला ठाऊक नव्हत्या. भीती होतीच, तिच्यावर आता लाज चढली. रविवारी संध्याकाळपर्यंत चौदा सह्या झाल्या, अक्काची धरून.

पंधरावी काही मिळेना. मी चडफडत घरी आलो.

अक्काने कागद मांडीवर घेतला. "पंधरावा तू," ती म्हणाली.

"मी समितीचा सभासद! मी कसा?"

"सभासदाला वय नसतं कां? पायरी चढताना भिंत धरतोस, ते मला दिसत नाहीं?"

मी तिच्यावर ओरडलो. पाय घसरू नये म्हणून धरतो, म्हणालो. पण ती खरं बोलत होती, आणि खोटं पकडलं जाण्यापेक्षा मी याच गोष्टीला जास्त भीत होतो. शेवटी सही केली. वयाच्या रकान्यात एकाहत्तर लिहिलं.

सोमवारी इंजिनियर बाईने कागद वाचला. शेवटच्या नावाशी थांबून माझ्याकडे पाहिलं आणि नकाशातलं वळण पेन्सिलीने खोडलं.

आता आम्ही दोघं रोज सकाळी बागेत जातो. अक्का वॉकर टेकत सावकाश चालते. तिच्यासाठी मला हळू चालावं लागतं, असं मी सुरुवातीला भेटेल त्याला सांगत असे. आता सांगत नाही.