नानाजींचं माप

पोंभुर्ण्याकडच्या जंगलातून सागवान डेपोत आणणारी छोटी रेल्वे बंद पडली, तेव्हा इंजिनाचे ड्रायव्हर नानाजी डावीकडं कायमचे कलले होते. उतारावर इंजिन मागं आणि लाकडांचे डबे पुढं, अशी त्या लाइनीची रीत. ओंडक्यांआड रूळ दिसायचे नाहीत, म्हणून ड्रायव्हरनं अर्धं अंग खिडकीबाहेर काढायचं. उभं आयुष्य असं काढून नानाजी विहारात वंदनेलाही तिरपेच बसत. त्यांची बायको केसरबाई सांगे, यांना सरळ झोपवलं तर खाटेवरून पडतात.

रूळ उपटून भंगारात गेले. इंजिन तेवढं पर्यटकांसाठी डेपोच्या फाटकाशी ठेवायचं ठरलं. नानाजींनी डेपोच्या साहेबांकडं एकच मागणं केलं, इंजिनावर मलेच ठेवा. पुसीन, राखीन, लोकांले सांगीन. साहेब म्हणाले, बघू.

आठवड्याभरात साहेबांनी पाठवलेला चंदन नावाचा पोरगा टेप घेऊन दारात हजर. त्यानं खांदे मोजले, छाती मोजली, हात मोजले. मग कान आणि नाकही मोजलं.

"वर्दी शिवून राह्यले," नानाजींनी बायकोला सांगितलं.

"वर्दीले नाकाचं माप काऊन लागते?"

"टोपी असन."

"टोपी नाकावर घालतेत का, अवो?"

नानाजी रागावले. दुसऱ्या दिवशी चंदननं त्यांना इंजिनात बसवून फोटो काढले. नानाजींनी त्याला बसायचं कसं तेही शिकवलं. कोपर खिडकीवर टेकवायचं नाही, धक्क्यानं मोडते, मान आधी, खांदा मागून, डोळे वळणावर. चंदननं दहादा विचारलं, त्यांनी दहादा करून दाखवलं. गावभर सांगत सुटले, साहेबानं मले ठेवलं म्हणून.

उद्घाटनाला नानाजी पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. पाहुण्यांनी इंजिनावरचा पडदा ओढला. खिडकीतून फायबरचे नानाजी बाहेर झुकले होते. मान आधी, खांदा मागून. कोपर कुठंही टेकलेलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी म्हणालं, हा तर जास्त जिवंत दिसतो.

नानाजी उठून साहेबांपाशी गेले.

"साहेब, मंग मी कुठी बसू?"

साहेब पाहुण्यांकडं बघून हसले. "अहो, तुम्ही तर अमर झालात. आता घरी बसा." पाहुणेही हसले. एकीनं नानाजींना पुतळ्याशेजारी उभं करून फोटो काढला आणि सांगितलं, काका, थोडं अजून वाकडे व्हा ना. नानाजी झाले.

गर्दी चहाकडं वळली तसे ते पायरीवरून इंजिनात चढले. आत सीट एकच, तीही पुतळ्यासकट बोल्टांनी आवळलेली. त्यांनी पुतळ्याला खांद्यानं रेटून पाहिलं. तो हलला नाही.

नव्यानं नेमलेला चौकीदार अंकुश शिटी वाजवत आला. कालपर्यंत हाच पोरगा त्यांना वाकून जयभीम घालायचा.

"उतरा, भाऊ," तो म्हणाला. "आत चढाची परवानगी नाई कोणाले. रंग ओला हाय."