अंबाडीचा दोर आणि तीन मिनिटं

सातवीत असताना मला वेळ मोजायचं वेड लागलं होतं. चुलीवरचं दूध किती वेळात उतू जातं, म्हैस एका दमात किती वेळ पाणी पिते, लोहाऱ्याला जाणारी जीप भरायला किती वेळ लागतो, सगळं मी मोजायचे. आई वैतागून म्हणायची, "मोजत काय बसलीस, उतरव की आधी." तोवर निम्मं दूध चुलीत गेलेलं असायचं.

हे वेड सरांनी पळण्याकडं वळवलं. सर शिकवायचे गणित, पण शाळेला खेळाचे वेगळे शिक्षक नव्हते, त्यामुळं मैदानही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. शाळेमागं पांढरी फक्की टाकून आखलेली दोनशे मीटरची गोल वाट होती. चार फेऱ्या म्हणजे आठशे मीटर. सर मोबाइलवर वेळ लावायचे. माझी सगळ्यात चांगली वेळ होती तीन मिनिटं पाच सेकंद. सरांनी बजावून ठेवलं होतं, "तीन मिनिटांच्या आत आलीस तर धाराशिवच्या स्पर्धेला नेतो. न्हाय तर उगं गर्दी करायला जायचं न्हाय."

पाच सेकंदांत मी चपला घालून अंगणाबाहेर पडायचे, एवढाच तो वेळ. पण तो काढायचा कुठून, हे काही कळेना. सुरुवातीला जोर लावला की तिसऱ्या फेरीला पोटात कळ यायची. बेतानं पळाले की शेवटी दम उरायचा आणि माझा मलाच राग यायचा. मग मी पावलं मोजू लागले. एका फेरीला एकशे साठ पडायची, एखाद-दुसरं इकडंतिकडं.

पावसाळा लागला आणि फक्की वाहून गेली. नव्यानं आखायचं तर शाळेचा टेप तुटलेला. म्हणून मोजायला आमच्या घरचा अंबाडीचा दोर असायचा. सरांनी उन्हाळ्यातच कुठला तरी टेप मागून आणून त्या दोराला दहा मीटरवर लाल चिंधी बांधली होती. रात्रभर बैलगाडीवर पावसात पडलेला तो दोर मीच खांद्यावर टाकून शाळेत नेला. एक टोक सरांनी धरलं, चिंधी मी धरली आणि वीस वेळा दोर टाकत आम्ही मैदान आखलं.

दोन दिवसांनी मी पळाले आणि सर मोबाइलकडं बघतच राहिले. दोन मिनिटं छप्पन्न! दुसऱ्या दिवशी पुन्हा सत्तावन्न. सरांनी फळ्यावर माझी वेळ मोठ्या अक्षरांत लिहिली आणि स्पर्धेला नाव पाठवून दिलं. मी आठ दिवस गावातून अशी चालत होते की म्हशीनंसुद्धा बाजूला व्हावं.

पावलं मात्र मी मोजतच होते. आता फेरीला एकशे बावन्नच पडत होती. म्हणजे माझी टांग वाढली होती! खात्री करायला दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची बघितली, तर ती होती तेवढीच. मग मी ठरवलं की आधी पाय वाढत असतील आणि बाकीचं अंग मागून येत असेल.

पोळ्याच्या आधी अण्णा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बैलांसाठी नवी दावी वळत बसले होते. मी अंबाडीच्या वाखाच्या, म्हणजे सालीच्या तंतूंच्या, बटा पुढं करत होते. पाण्यात पडलेलं जुनं दावं उचलून मी त्याला मापाची गाठ मारायला निघाले, तर त्यांनी हात धरला. "वल्लं हाय ते. भिजली की अंबाडी आखडती. वाळल्यावर माप चुकतंय."

"किती आखडती, अण्णा?"

"आता ते कोण मोजलंय?"

मी मोजलं. कोरडं दावं चौकटीवर ताणून दोन टोकांना कोळशानं खुणा केल्या, मग ते रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं. सकाळी पुन्हा ताणलं, तर एक टोक खुणेच्या चांगलं चार बोटं अलीकडं. मी किती तरी वेळ ती चार बोटं बघत उभी होते. मला एकदम कळलं की माझे पाय वाढले नव्हते, मैदान आटलं होतं.

दोन दिवस गप्प राहिले. गप्प राहिलं तर धाराशिव पक्कं होतं. पण माझी खरी वेळ किती, हे मला स्वस्थ बसू देईना. शेवटी सरांना सांगितलं. गणिताच्या माणसाचा चेहरा असा पडलेला मी कधी बघितला नव्हता. ते म्हणाले, "नाव तर गेलंय, पोरी. आन् ह्या झडीत दोर वाळायचा कवा? तिथलं मैदान टेपनं मोजलेलं असतंय. तिथंच कळंल तुजं खरं."

म्हणून मी धाराशिवला गेले ती जिंकायला नव्हे, आकडा आणायला. पोरी सुटल्या तशी मी जीव खाऊन पळाले. पावलांचा हिशेब दुसऱ्याच वळणावर चुकला. मी नववी आले. धापा टाकत वेळ लिहिणाऱ्या माणसाकडं गेले आणि विचारलं, "माझी किती आली?" तो मान वर न करता म्हणाला, "पहिल्या तिघींचीच लिहितो आम्ही."

नववी आल्याचं काही वाटलं नव्हतं. पण ते ऐकून मला रडू फुटलं, भर मैदानात, हुंदके देऊन.

सर धावत आले. "रडती कशाला? म्या लावली हुती की वेळ. दोन एकोणसाठ!"

"बघू?"

त्यांनी मोबाइल पुढं केला. पडद्यावर नुसती शून्यं होती. "आत्ता चुकून पुसलं बघ," ते म्हणाले आणि पाण्याची बाटली शोधू लागले.

संध्याकाळी अण्णा फाट्यावर न्यायला आले होते. मी गाडीवर मागं बसले तसं त्यांनी विचारलं, "किती आलं?"

"सर म्हणत्यात, दोन एकोणसाठ. पण दाखवलं न्हाय."

अण्णांनी गाडी सुरू केली. मान न वळवता ते म्हणाले, "सर लई चांगला माणूस हाय."

पुढं मी चार वर्षं पळाले. दोन एकोणसाठ ही माझी वेळ म्हणून मी कुणाला कधी सांगितली नाही, आणि ती खोटी होती हे मला ठाऊक आहे, असं सरांना कधी कळू दिलं नाही.