दाजींचं वाण

आक्काच्या नवऱ्यावर, म्हणजे दाजींवर, मी दोन वर्षं डूख धरून होते. कारण एक लॅपटॉप. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. तीन किलोचं ते धूड खांद्याला अडकवून माळशिरसच्या एसटीत उभं राहिल्याशिवाय ते कळायचं नाही.

मी सोलापुरात ठिबक सिंचनाच्या एका छोट्या फर्ममध्ये नकाशे काढते. शेतावर जायचं, मोजमाप घ्यायचं आणि बांधावर बसून कुठली नळी कुठून जाईल ते शेतकऱ्याला लॅपटॉपवर दाखवायचं. नोकरी लागली तेव्हाच साहेबांनी सांगितलं होतं, लॅपटॉप स्वतःचा आणा. मी आठवडाभर वाचून, चार जणींना विचारून एक कागद तयार केला होता. चौदा इंची पडदा, वजन कमी, दिवसभर टिकणारी बॅटरी, नकाशा अडखळणार नाही इतकी मेमरी. शेवटी लिहिलं होतं, गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालायला हवा. मला गेम खेळायला आवडतो आणि ते मी कुणापासून कधी लपवलेलं नाही.

वडील म्हणाले, "दाजींना विचार. ते कॉम्प्युटरमधले आहेत." दाजी वैरागच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात आणि आमच्या घरात जावयाचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. ते आले. नवी पेठेतल्या दुकानात मी कागद पुढं केला, तो त्यांनी न वाचताच घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"हलकं म्हंजे तकलादू," ते म्हणाले. "मोठा पडदा डोळ्याला बरा. जड हाय म्हंजे मजबूत हाय. हेच घे." मग दुकानदाराकडं वळून, चार गिऱ्हाइकांच्या देखत, "हिला काय कळतंय त्यातलं? गेम खेळायचाय म्हणती, बाईमाणूस!"

दुकान हसलं. वडीलही हसले, ते मला जास्त लागलं. लॅपटॉपबरोबर फुकट मिळालेला हेडफोन दाजींनी निवांतपणे स्वतःच्या पिशवीत टाकला.

सतरा इंची होता तो. चार्जर विटेएवढा, बॅटरी जेमतेम दीड तास. वळसंगला एका शेतकऱ्यानं मला तो पिशवीतून काढताना बघितलं आणि विचारलं, "ताई, ह्यो लॅपटॉप हाय का टीव्ही?" नकाशा अर्ध्यावर असताना पडदा काळा झाला. मोटारीच्या पेटीपाशी चार्जर लावायला गेले तर लाईट गेलेली. शेवटी काडी घेऊन मी मातीत रेघा ओढल्या आणि त्यांना नळ्या समजावून दिल्या. घरी येऊन गेम लावला की पंखे असे घरघरायचे की आई आतून विचारायची, मिक्सर कुणी चालू ठेवलाय. वर्षभरात उजवा खांदा कामातून गेला. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "वजनाची सवय न्हाई तुला, दुसरं काय."

त्या दिवशी मी ठरवलं, ह्यांना सोडायचं नाही.

दुसरा लॅपटॉप घ्यायला मी एकटी गेले. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा बरोबर नेला होता. प्रत्येक लॅपटॉप चार्जरसकट पिशवीत घालून मी काट्याला टांगत होते. काउंटरवरचा माणूस वैतागला. "मॅडम, वजन खोक्यावर लिहिलंय की."

"चार्जरचं लिहिलंय का?" मी विचारलं. लिहिलेलं नव्हतं.

मग माझा सगळ्यात मोठा नकाशा उघडून बघितला, गेम लावून बघितला, तळाला हात लावून किती तापतोय तेही बघितलं. स्वस्तातल्यांची मेमरी कमी होती आणि पुढं वाढवताही येत नव्हती. खास गेमवाले पुन्हा त्या विटेएवढ्या चार्जरवरच येत होते. मधल्या किमतीतला एक सापडला. चार्जर मोबाईलच्या चार्जरएवढा, नकाशा सरसर हलणारा. गेमसाठी वेगळं कार्ड नाही, त्यामुळं शर्यतीतली झाडं जरा धुरकट दिसतात. पण गाडी पळते. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या डोक्यात काम नव्हतं की गेम नव्हता. दाजींचं एकेक वाक्य मला खोटं पाडायचं होतं.

आणि नेमका धोंड्याचा महिना आला. आमच्याकडं त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात आणि वाण देतात. त्याआधी एकदा दाजी घरी आले असताना त्यांनी माझा नवा लॅपटॉप दोन बोटांत उचलून बघितला आणि आईला म्हणाले, "औंदा चांदीबिंदी नको, आई. असलं काय तर द्या की."

आईनं माझ्याकडं बघितलं. "देऊ की," मी इतक्या गोड आवाजात म्हटलं की ती दचकलीच.

जुना लॅपटॉप मी दुरुस्तीला दिला. पंखे साफ करून घेतले, नवी बॅटरी घातली, पडदा पुसून चकचकीत केला. त्यात खोट राहिली असती तर दाजींना नाकारायला जागा मिळाली असती, आणि ती मला द्यायची नव्हती.

दाजी पाटावर बसले. काका, मावश्या, सगळे होते. आईनं ओवाळलं. मी जरीच्या रुमालात बांधलेलं वाण त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी गाठ सोडली आणि हात तिथंच थांबले.

"मोठा पडदा आहे दाजी, डोळ्याला बरा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "जड आहे म्हणजे मजबूत आहे. तुमचीच निवड."

वाण परत करता येत नाही, आणि स्वतःचा शब्द तर त्याहून नाही. "व्हय," ते म्हणाले. "मजबूत हाय."

"गेमही चालतो. तुम्हाला काय कळतंय म्हणा त्यातलं."

मावशी फिसकन हसली, मग काका हसले, मग सगळेच. दाजींचे कान लाल झाले. मी त्या दिवशी चार धोंडे खाल्ले, वर तूप मागून घेतलं.

संध्याकाळी त्यांना सोडायला मी स्टँडवर गेले. वैरागची गाडी लागताच दाजी जागा धरायला पुढं धावले, हातात फक्त रुमाल. मागून आक्का. एका हातात फराळाची पिशवी, आणि खांद्याला तो लॅपटॉप. पट्टा साडीवरून घसरत होता, ती एका अंगाला वाकून चालत होती. मी धावत जाऊन पट्टा धरला.

"सोड," ती म्हणाली. "वैरागला उतरल्यावर कोण येणाराय उचलायला?" आणि मग माझ्याकडं न बघता, "देताना हे कोण उचलणार, ते ठाऊक होतं का न्हवतं तुला?"

"नव्हतं," मी म्हटलं.

ती पायरीवर चढली. ठाऊक होतं मला. रुमालाची गाठ मारताना आक्का डोळ्यासमोर आली होती. पण मला दाजींचा चेहरा बघायचा होता, आणि तो मी पोटभर बघितला होता.