फॉर्मचोर

"बाई, आपल्या शाळेत चोर हाय," पद्मा अक्का ऑफिसच्या दारात उभी राहून म्हणाली. "फॉर्म चोरतोय."

मी चष्मा काढला. आमच्या शाळेतून आजवर खडू गेले, नळाची तोटी गेली, एकदा घंटाही गेली. फॉर्म कोणी नेला नव्हता.

"किती गेले?"

"काल पाचवीचे सगळे गेले. आज परत आले. भरून."

मिहीर, ईशा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, हेडमिस्ट्रेस नेमकं काय काम करते? त्याचं उत्तर लिहिते आहे. ते फारसं माझ्या सोयीचं नाही, पण तुम्ही विचारलंत.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सात रस्ता चौकाजवळची आमची पहिली ते सातवीची शाळा. शिक्षकांची नेमणूक शिकवण्यासाठी झाली होती, असं त्यांच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ते पोर्टल भरत. पोर्टल म्हणजे सरकारची वेबसाइट. तिथे प्रत्येक मुलाचं नाव, आधार, उंची आणि वजन भरायचं. ते पुसलं जातं, मग पुन्हा भरायचं. शिवाय दुपारची खिचडी मुलांआधी चाखायची आणि चाखली असं वहीत लिहायचं. एवढ्यात वर्गाच्या दाराशी कोणीतरी पालक आधार कार्ड घेऊन उभा असतोच. फळ्यावरचं गणित अर्धं राहतं.

मी ठरवलं, हे सगळं शिक्षकांकडून काढायचं आणि एकाच माणसाला द्यायचं. माणूस शाळेतच होता. पद्मा अक्का. आमची हंगामी सेविका, दहावी झालेली, शहराबाहेर कुंभारीला राहणारी. घरी तेलुगू, बाहेर मराठी, भांडताना दोन्ही. अनेक वर्षं तिने विड्या वळल्या होत्या. तंबाखूच्या धुळीने खोकला जडला, डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं, म्हणून ती आमच्याकडे झाडू मारायला आली. तिचा हात विलक्षण चपळ. शंभर फॉर्म पत्त्यांसारखे पिसून ती चुकीचे बाजूला काढी. अशांना ती 'छाट' म्हणे. विडी कारखान्यात तपासनीस ज्या विड्या नापास करतो, त्यांना छाट म्हणतात.

संस्थेचे सेक्रेटरी अण्णा हे चादरींचे व्यापारी. त्यांना कल्पना पसंत पडली नाही.

"मॅडम, झाडूवालीला टेबल-खुर्ची?"

"टेबल फॉर्मसाठी आहे, अण्णा. ती नुसती त्याच्यामागे बसेल."

"आणि झाडू कोण मारणार?"

"तीच. शाळा भरायच्या आधी."

अण्णांनी पानाचा डबा बंद केला. "सहामाहीपर्यंत बघू. पाचवीचं गणित सुधारलं तर अक्का कायम. नाही तर नवीन बाई बघतो. दोन्ही कामं करणारी मला परवडत नाही, तिचं डोकं फिरतं."

पाचवीला स्कॉलरशिपची परीक्षा असते आणि तिच्यावरून गावात शाळेची अब्रू ठरते. पाचवीचं गणित हिरेमठ सरांकडे होतं. नोकरी गेली तर अक्का पुन्हा विड्या वळणार, म्हणजे तिचा खोकला हिरेमठ सरांच्या अपूर्णांकांवर अवलंबून राहिला.

हिरेमठ सर आमचे पोर्टलचे राजे. होटगीहून मोटरसायकलवर यायचे, कन्नडमध्ये पुटपुटत लॅपटॉप उघडायचे. अडलेला प्रत्येक जण त्यांच्याकडे जायचा. त्यांनीच आठवडाभर अक्काला पोर्टल शिकवलं, आणि छान शिकवलं. तिने चुकीचं बटण दाबलं तरी ओरडले नाहीत. "आता काय होईल, सांगा बघू," असं विचारत बसले. मला वाटलं, सुटले बिचारे, आता मन लावून शिकवतील.

आणि आता फॉर्म चोरीला जात होते.

चोर शोधायला मला फार चालावं लागलं नाही. पाचवीचा वर्ग ऑफिसच्या पलीकडेच आहे. दाराच्या फटीतून पाहिलं. मुलं फळ्यावरचं वहीत उतरवून घेत होती आणि सर टेबलाखाली मांडीवर आता सहावीचे फॉर्म ठेवून उंची-वजन भरत होते. चेहरा इतका सुखी, की मला आत जायला जिवावर आलं.

मधल्या सुट्टीत त्यांना बोलावलं. अक्का कपाटाला टेकून उभी होती.

"सर, हे काय?"

"अक्कांना लोड होतोय की, बाई. म्हटलं मदत करावी."

"मला कुटं लोड झाला?" अक्का म्हणाली. "तुमी भरलेल्यात चार छाट निघाले. पोराची उंची लिहिली वजनात."

सरांनी ते चार फॉर्म हातात घेऊन पाहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगू? तास पस्तीस मिनिटांचा. माझं बारा मिनिटांत संपतं."

"काय संपतं?"

"सगळं. छेद सारखे करा, बेरीज करा, झालं. पुढे तेवीस मिनिटं पोरं माझ्याकडे बघतात. आधी बरं होतं. कोणीतरी हाक मारायचं, मी उठून जायचो. अकरा वर्षांत सबंध तास घेतलेलाच नाही. आता कोणी बोलवतच नाही."

मी चिडले होते, हे कबूल करते. मेमो लिहायचा विचार होता. पण अक्काच आधी बोलली, आणि नोकरी तर तिचीच जाणार होती.

"मला पोर्टल शिकवलं तेव्हा बारा मिन्टांत संपलं न्हाय ते?"

"तुम्हाला येतच नव्हतं की, अक्का."

"मग पोरांना येतंय व्हय?"

सरांनी फॉर्म खाली ठेवले. अक्का म्हणाली, "मला अपूर्णांक येत न्हाय. दहावीला बी घोकून लिवलेलं. मी मागच्या बाकावर बसते. मला शिकवा. पोरं ऐकतील फुकटात."

"आणि टेबलावर कोण बसणार?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज तिसऱ्या तासाला मी फाटकाजवळच्या अक्काच्या टेबलावर बसू लागले. इंग्रजीत एम.ए. केलेली बाई, समोर आधारचा गठ्ठा. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी मला विचारलं, "ती हुशार बाई कुठं गेली?" तास संपल्यावर अक्का आली, माझे फॉर्म पिसले आणि तीन बाजूला काढले.

"छाट?" मी विचारलं.

"पयला दिवस हाय," ती म्हणाली. "होतं."

पाचवीची खिडकी फाटकाकडे उघडते; वर्गात काय चाललं होतं ते मला तिथून दिसायचं, ऐकू यायचं. अक्का विचारायची, "सर, तीनपेक्षा चार मोठा, मग एक छेद चार लहान कसा?" मुलं हसायची. सर म्हणायचे, "हसू नका. सांगा अक्कांना." कोणालाही नीट सांगता यायचं नाही. मग सर कागदाची घडी घालायचे, फाडायचे, पुन्हा घालायचे. दुसऱ्या आठवड्यात घंटा झाल्यावरही वर्गाचा आवाज थांबेना. मी टेबलावरून उठून सांगायला गेले, तर सर म्हणाले, "बाई, पाच मिनिटं की."

सहामाही आली. अण्णा न सांगता आले. फाटकातच थबकले.

"मॅडम, तुम्ही इथे? अक्का कुठंय?"

"वर्गात."

"झाडायला?"

"शिकायला."

अण्णांनी पाचवीचं दार उघडलं. अक्का मागच्या बाकावर, गुडघे बाकात अडकलेले. ती उठू पाहत होती, पण उठता येईना. तिचा चेहरा उतरला. अण्णांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला उभं केलं.

"दोन छेद तीन मोठा की तीन छेद चार?"

"तीन छेद चार."

"कशावरून?"

"तीन छेद चार खाल्लं की पाव भाकरी उरते. दोन छेद तीन खाल्लं की त्याहून मोठा तुकडा उरतो. ज्यात कमी उरलं, ते जास्त खाल्लं."

अण्णा सरांकडे बघत राहिले. हे बरोबर की चूक, ते त्यांना सांगता येत नव्हतं. सरांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

"बरोबर हाय, अण्णा," मागून अक्का म्हणाली. "मला बी आदी पटलं न्हवतं."

पेपरांत पाचवीचं गणित सुधारलं. फार नाही, पण अण्णांनी शब्द पाळला आणि अक्काची खुर्ची राहिली. कुंभारीत तिच्या घरी विड्यांच्या तंबाखूचं सूप परत आलं नाही. हिरेमठ सरांचा लॅपटॉप कपाटात गेला, त्याचा चार्जर मात्र सर अजून बॅगेत बाळगतात, सवयीने.

यातून मी काय शिकले, ते थोडक्यात. शिक्षकाला मोकळं केलं की तो शिकवतो, असं मी गृहीत धरलं होतं. मोकळा झालेला माणूस आधी घाबरतो, आणि त्याला हातात काहीतरी धरायला लागतं. हिरेमठ सरांनी फॉर्म धरले. मी बावीस वर्षं वर्ग टाळून ऑफिस धरलं होतं. ते कोणी पकडलं नाही, कारण माझ्यावर कोणी नजरच ठेवली नव्हती.

निवृत्तीच्या आधीचे सहा महिने मी सातवीला इंग्रजी शिकवलं. पहिल्या दिवशी माझं चौदा मिनिटांत संपलं.