खडूची रेघ

आमच्या परळच्या चाळीत कुठलाही कार्यक्रम असो, माइक लावायला तेच एक गृहस्थ येतात. इतकी वर्षं मी सूत्रसंचालन करतोय, पण त्यांचं नाव मला ठाऊक नाही. सगळे काका म्हणतात. कुणी माइकवर फुंकर मारली की त्यांचं डोकं फिरतं. "फुंकतोस काय? माइक आहे तो, मेणबत्ती नाय!"

परवा आमच्या भीमगीतं गाणाऱ्या बाईंची शोकसभा होती. उभी हयात त्या आमच्या स्टेजवर गायल्या. आवाज एवढा खडा, की काका त्यांच्यासाठी माइकपासून दोन पावलं मागे खडूने रेघ मारायचे आणि मशीनचं आवाजाचं बटण हळूच कमी करायचे. बाई चपला काढून रेघेवर उभ्या राहायच्या. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याही टाळ्यांनी ठेका धरायच्या.

परवाही काकांनी रेघ मारलीच. वक्त्यांना वाटलं, उभं राहायची जागा तीच. एकामागून एक तिथे उभे राहून बोलले, पण ऐकूच येईना. मागून ओरड सुरू झाली, "आवाज नाय येत!"

मी काकांजवळ धावलो. "काका, आवाज वाढवा ना."

"मशीन बरोबर आहे रे," ते शांतपणे म्हणाले. "बाईंच्या जागेवर उभे आहेत ते."

मी माइकजवळ जाऊन तेच वाक्य सभेला सांगितलं. शोकसभेत कुणी टाळ्या वाजवत नाही. परवा वाजल्या, शेवटच्या रांगेतून, त्याच ठेक्यात.

काकांनी मान खाली घातली आणि मशीनचं बटण हळूच कमी केलं.