मैल्यात मीठ

आमच्या गावाचा मैला खारट आहे, हे मी अभिमानाने सांगते. हसू नका. उधाण आलं की खाडीचं पाणी फुटक्या गटारांत शिरतं आणि मैलापाणी शुद्ध करणाऱ्या आमच्या केंद्राच्या टाकीत येतं. तिथली केमिस्ट मी, आणि टाकीतले जिवाणू माझे. त्यातले काही हवेवर जगून अमोनियाचं नायट्रेट करतात. बाकीचे, हवा बंद केली की, त्या नायट्रेटचा साधा नायट्रोजन करून आभाळात सोडून देतात.

पण दर पौर्णिमा-अमावास्येला मीठ वाढलं की अमोनिया खाणारे माना टाकायचे. शहरातून टँकरने जिवंत जिवाणूंचा नवा गाळ आणायचा, पुढच्या उधाणाला तोही जायचा. शेवटी इंजिनियर साहेबांनी ठरवलं, उधाणात टाकी बंद ठेवायची आणि मैला सरळ खाडीत सोडायचा. त्याच खाडीत माझी आई चिंबोऱ्या धरते. माझं डोकंच फिरलं.

घरी आल्यावर तोंडाचा पट्टा सुरूच होता. बाबांचा जन्म मिठागरात गेला. जेवता जेवता ते म्हणाले, "मरतील न्हाय तर काय! आपुन समुद्राचं पानी एकदम मिठाच्या वाफ्यात सोडतो का? एकातून दुसऱ्यात, हलू हलू खारं करत न्यायचं."

माझा घास हातातच राहिला. एवढी शिकले, आणि हे मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हटलं, भरती कमी असते त्या दिवसांत आपणच खाडीचं पाणी टाकीत घालू, रोज थोडं थोडं वाढवत. जिवाणूंना सवय झाली की उधाणाचा धक्का बसणार नाही.

"मिठाने मरतायत म्हणून तुम्ही आणखी मीठ घालणार?"

"हो."

मी हट्टालाच पेटले, तेव्हा कुठे दोन महिने मिळाले. पंपावरचे लोक विचारायचे, "मॅडम, आज मीठ बरोबर आहे ना?" मी म्हणायचे, "चाखून बघा."

मुदतीच्या शेवटच्या अमावास्येला मोठं उधाण आलं. अमोनिया असला की तपासणीच्या नळीत पाणी पिवळं होतं. टाकीतून बाहेर पडणारं पाणी नळीत घेतलं, औषध घातलं. रंग येईना. साहेब म्हणाले, "औषध खराब झालं असेल." मी रागारागाने कच्चा मैला दुसऱ्या नळीत घेतला. तो हळदीसारखा पिवळा झाला. साहेबांनी दोन्ही नळ्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. मग म्हणाले, "मैला खाडीत सोडणारी झडप उघडायची नाही."

मी बाबांना केंद्रावर बोलावून घेतलं. बूच लावलेली पहिली नळी त्यांनी उजेडात धरली.

"यात काय हाय?"

"काही नाही," मी म्हणाले. "बाबा, यात काहीच नाही."

ती नळी घेऊन ते पंपावरच्या लोकांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत प्रत्येकाला ते 'काही नाही' दाखवत फिरले.