काळी पाचच्या सुरातला कॉम्प्युटर

काकूंनी तंबोरा खाली ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “विनू, तुझा हा डबा कोमल गंधार लावतोय.”

मी टेबलाखाली वाकून कॅबिनेटचे स्क्रू आवळत होतो. तिथूनच म्हणालो, “काकू, तो पंखा आहे. पंख्याला कुठला आलाय सूर?”

त्यांनी पेटी पुढे ओढली आणि एक पट्टी दाबून धरली. पेटीचा सूर आणि पंख्याची घरघर एकमेकांत अशी मिसळली की कुठलं काय ते कळेना.

“माझा सा काळी पाच,” काकू पेटीची पाचवी काळी पट्टी दाखवत म्हणाल्या. “तिथून मोज. पूरा कोमल गंधार आहे. आणि मला भूप गायचाय.”

ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही तेव्हा कळत नव्हतं. भूप रागात गंधार शुद्ध लागतो. शेजारी कुणी कोमल गंधार धरून बसलं, तर गाणाऱ्याला खिचडी खाताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. आणि हा खडा संपतच नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बनारसमध्ये माझं कॉम्प्युटर जोडून विकायचं छोटं दुकान होतं. तयार ब्रँडेड मशीन महाग पडायचं. मी दिल्लीहून आलेले सुटे पार्ट घेऊन त्याच ताकदीचं मशीन निम्म्या खर्चात बसवून द्यायचो. गिऱ्हाईक बहुतेक हिंदी बोलणारं. मराठी बोलायचं ते घरात, नाहीतर मराठी कुटुंबांच्या दूधविनायकाच्या गल्लीत. नलूकाकू त्याच गल्लीतल्या. चाळीसेक वर्षं गाणं शिकवत होत्या. त्यांचे यजमान अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले.

काकूंच्या गळ्यात गाठ निघाली होती. गाठ साधी होती, पण ऑपरेशन करावं लागणार होतं. डॉक्टर म्हणाले, आवाज बहुधा राहील, पण थोडा बदलू शकतो. काकूंनी त्यातलं ‘बहुधा’ तेवढं ऐकलं. त्यांच्या गुरुजींनी शिकवलेल्या बंदिशी त्यांच्याशिवाय कुणाला पूर्ण येत नव्हत्या. दिवाळीनंतर ऑपरेशन होतं. त्याआधी सगळ्या बंदिशी आपल्या आवाजात भरून ठेवायच्या आणि गुरुजींच्या खरखरणाऱ्या जुन्या कॅसेटही साफ करून घ्यायच्या, असं त्यांनी ठरवलं. कॅसेटवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. कुणीतरी सांगितलं, कॉम्प्युटरवर भरा.

म्हणजे मशीन वेगवान हवं, कारण कॅसेटची खरखर काढणारं सॉफ्टवेअर फार वेळ खातं. मशीन शांतही हवं, कारण माइक त्याच खोलीत. आणि स्वस्त हवं, कारण गाणं शिकवून कुणी गबर होत नाही.

या तिन्ही गोष्टी एका डब्यात बसत नाहीत. का ते सांगतो. मी तीनशे मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर घेतला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. त्या काळी एक युक्ती आम्हा असेंबलवाल्यांत गाजत होती. मदरबोर्डवर जंपर नावाच्या चिमुकल्या टोप्या असतात. त्यांची जागा बदलली की तेच डोकं साडेचारशेच्या वेगाने पळायला लागायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. बैल तोच, फक्त चाबूक वाढवायचा. पण वेग वाढला की प्रोसेसर तापतो. तापला की पंखा जोरात फिरवावा लागतो. पंखा जोरात फिरला की काकू पेटी ओढतात.

शांततेसाठी मी काय कमी केलं नव्हतं! प्रोसेसरवरचा मूळचा छोटा पंखा डासासारखा कोकलायचा. तो काढून मी अॅल्युमिनियमचा भलामोठा ठोकळा बसवला. त्याला हीटसिंक म्हणतात. तो उष्णता शोषून घेतो. त्यावर मोठा पंखा लावला, कारण मोठा पंखा कमी आवाजात जास्त वारा देतो. हार्ड डिस्क सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली, म्हणजे तिची थरथर पत्र्यात उतरणार नाही. पॉवर सप्लाय घ्यायला होलसेलवाल्याकडे गेलो, तेव्हा एकेक डबा चालू करून कानाला लावत बसलो. दुकानदार वैतागला. “भैया, माल लेने आए हो कि कान दिखाने?”

एवढं करून कोमल गंधार!

मी कॅबिनेट पुन्हा उघडलं. पंख्याचा वेग व्होल्टवर असतो. पॉवर सप्लायच्या पिवळ्या तारेत बारा व्होल्ट, लाल तारेत पाच. पंखा या दोन तारांच्या मध्ये जोडला की त्याला फरकाचे सात मिळतात. तसा जोडला. घरघर बरीच उतरली. मी विजयी मुद्रेने काकूंकडे पाहिलं.

काकूंनी पट्टी शोधली. “तीव्र मध्यम.”

“मग चालेल?”

“यमनला चालेल. भूपात मध्यमच नाही. हा मध्येच नाक खुपसणार.”

“काकू, अहो, बाहेर संकठाजीच्या देवळातल्या घंटा वाजतायत, खाली गल्लीत भोंगा चालू आहे. ते चालतं?”

“घंटा देवीची आहे, ती वाजून थांबते. तुझा हा थांबतो का?”

मी पंखा सरळ लाल तारेवर टाकला. पाच व्होल्ट. पंखा अर्धवट झोपेत असल्यासारखा फिरू लागला. आवाज ऐकायला कान आत घालावा लागत होता. काकूंनी मात्र बसल्या जागेवरून ऐकला. पेटीवर बोट ठेवलं आणि हसायलाच लागल्या.

“अहो, इकडे या!” त्यांनी अण्णांना हाक मारली. “हा पोट्टा पंख्याला खर्ज शिकवून बसला! अगदी माझा सा लावलाय!”

अण्णा दारात आले. पंख्याकडे बघून म्हणाले, “बरं. आणि माझी खुर्ची कुठे गेली?” कॉम्प्युटरच्या टेबलासाठी त्यांची आरामखुर्ची कोपऱ्यातून उचलून जिन्याशी ठेवली होती. मी सुराच्या आनंदात होतो. लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग सुरू झालं. दुकानात मी ते मशीन रात्रंदिवस पळवून पाहिलं होतं, त्यामुळे निर्धास्त होतो. पण दुकानात डोक्यावर छताचा पंखा होता. इथे काकूंनी आवाज नको म्हणून तो बंद केला. गल्लीचा गलका नको म्हणून खिडक्याही लावल्या. भादव्यातली बनारसची उमस. आम्ही तिघं घामाने निथळत होतो, आणि डब्यातला प्रोसेसर आमच्यापेक्षा जास्त.

काकूंनी भूप लावला. मला गाणं कळत नाही हे सांगितलंच आहे, पण त्या दिवशी मी माउस धरलेला हात हलवायचा विसरलो. गुरुजींची सगळ्यात अवघड बंदिश होती. काकूंनी ती चढवत नेली, अंतरा घेतला, समेवर आल्या. अण्णांनी डोळे पुसले. मी स्क्रीनकडे पाहिलं. आवाजाची हलणारी रेघ मध्येच थिजली होती. माउस हलेना. की-बोर्ड दाबला, काही नाही.

“झालं भरून?” काकूंनी विचारलं.

“काकू... मशीन हँग झालं.”

“म्हणजे?”

“गरम होऊन थांबलं. भरलेलं गेलं.”

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गळ्यावर हात ठेवला. मग हळू म्हणाल्या, “असं रोज नाही लागत रे.”

खर्जातला पंखा तेवढा चालू होता. मला तो पहिल्यांदाच बेसूर वाटला.

मी तिथेच कॅबिनेट उघडलं आणि जंपर हलवले. साडेचारशेचा हट्ट माझा होता. तीनशेच्या प्रोसेसरवर साडेचारशे चालवलं की बाकीच्या दुकानदारांत कॉलर ताठ करता येते. काकूंना त्याचं काय? वेग तीनशे सदतीसवर आणला. म्हणजे चाबूक नाही, नुसतं चुचकारणं. खरखर काढायला आता जास्त वेळ लागणार होता, पण तो वेळ गाणं भरून झाल्यावरचा होता. तेव्हा खिडक्या उघडता येत होत्या, छताचा पंखा लावता येत होता, चहाही करता येत होता. प्रत्येक बंदिश संपली की लगेच सेव्ह करायचं, आणि दर दोन बंदिशींमागे खिडक्या उघडायच्या, असा नियम केला.

मशीन पुन्हा हँग झालं नाही. तो भूप पुन्हा तसा लागला नाही, असं काकू म्हणतात. अण्णा म्हणतात, लागला. मला दोन्ही सारखेच वाटले. नवरात्रापर्यंत सगळ्या बंदिशी भरून झाल्या, गुरुजींच्या कॅसेटही.

ऑपरेशन नीट पार पडलं. काही महिन्यांनी दुकानातला फोन वाजला. पलीकडे काकू. आवाज थोडा जाड झाला होता, पण जरब तीच. “विनू, पंखा बिघडलाय. रिषभ लावतोय.”

“काकू, पंखा तोच, व्होल्ट तेच. असं होणार नाही.”

“मग पेटी खोटं बोलते?”

मी वेगवेगळ्या पंख्यांनी भरलेली पिशवी घेऊन गेलो. तिथे उलगडा झाला. पंखा जागचा हलला नव्हता. ऑपरेशननंतर काकूंचा आवाज उतरून काळी चारवर आला होता. सा खाली गेला, म्हणून पंखा वर चढल्यासारखा वाटत होता. काकू म्हणाल्या, “म्हणजे बिघडले मीच.” आणि खो खो हसल्या.

मी एकेक पंखा लावून काळी चार शोधू लागलो. एक धैवत लावी, एक निषाद. एक तर कुठलाच सूर लावीना, नुसता खोकायचा. जमिनीवर पंख्यांचा बाजार मांडला गेला. अण्णा बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांचा धीर सुटला.

“विनू, तो डबा पलीकडे कोठीत ठेव ना. भिंतीला झरोका आहे, वायरी त्यातून घे. स्क्रीन इकडे राहू दे. मला माझा कोपरा परत दे, खुर्ची ठेवायचीय.”

मी हातातला पंखा खाली ठेवला.

मॉनिटर, की-बोर्ड, माउस आणि माइक यांच्या लांब वायरी बाजारात सहज मिळायच्या. मी स्वतःच विकायचो. तासाभरात डबा कोठीत तांदळाच्या पिंपाशेजारी गेला. गाण्याच्या खोलीत एक आवाज नाही. पंखा परत बारा व्होल्टवर टाकला, प्रोसेसर साडेचारशेवर. कोठीत तो काळी पाचवरचा कोमल गंधार खुशाल घुमत राहिला आणि अण्णा कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले.

त्यानंतर कुणी शांत कॉम्प्युटर मागितला, की पार्टची किंमत सांगण्याआधी मी त्याचं घर बघायला जाऊ लागलो. पंख्यावर डोकं शिणवण्याआधी शेजारच्या खोलीत डोकावून घ्यावं.